वासाचं औषध

यशोदाला तिच्या वडिलांनी पिंपळे सौदागरला आणून सोडलं तेव्हा पौषातली थंडी पडली होती. बैलगाडीतून ती उतरली. हातात एक बोचकं होतं आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं. रडून सुजलेले डोळे दिसले असते तर गोजाबाईंना बरं वाटलं असतं. रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं.

गोजाबाई यशोदाच्या आत्या. तिचे वडील सोपानराव हे त्यांचे धाकटे भाऊ, चऱ्होलीचे फुलमाळी. गाडीचे बैल सोडता सोडता ते हळू आवाजात सांगत होते, "खात न्हाई, झोपत न्हाई. दिवस मावळला की छातीवर हात धरून उंबऱ्यात बसती. वैद्य झाला, देवरुषी झाला. गावातल्या बाया येत्यात नि नुसत्या हळहळत्यात. त्यानं जास्तच वाळाय लागली. आक्का, थोडे दिस तुझ्याकडं राहू दे."

"राहू दे की. घर तिचंबी हाय," गोजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी यशोदाच्या हातातलं बोचकं घेतलं.

यशोदाचं लग्न पुनावळ्याच्या मारुतीशी झालं होतं. संसार सुरुवातीला चांगला चालला. मग पिंपरीला सरकारी औषधांचा कारखाना उभा राहिला आणि आसपासच्या गावांतली तरणी पोरं तिकडे वळली. मारुतीही लागला. आधी तो रोज सायकलने घरी यायचा. पुढे शिफ्टचं निमित्त सांगून त्याने पिंपरीतच खोली घेतली. आणखी काही महिन्यांनी कळलं, की बांधकामावर आलेल्या बीडकडच्या एका बाईशी त्याने घरोबा केला आहे. यशोदाला मूल नव्हतं, एवढं कारण त्याला पुरलं. पंच बसले, काडीमोड झाली. देवळाच्या ओट्यावर यशोदाला कुणी काहीच विचारलं नाही. एकाने गवताची काडी मोडून बाजूला टाकली, आणि माणसं चहाला उठली.

गोजाबाई विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. पवनेच्या काठी त्यांचा मळा होता. त्यात शेवंती, झेंडू होताच, पण त्यांचा जीव होता तो वासाच्या झाडांत. मरवा, दवणा, तुळशीच्या चार तऱ्हा, बांधाला लावलेला वाळा. दिवाळीच्या आधी त्या उटणं कुटायच्या, एरवी शिकेकाई आणि धूप करायच्या आणि चिंचवडच्या बाजारात विकायच्या. पण बाया त्यांच्याकडे आणखी एका गोष्टीसाठी येत. कुणाचा नवरा गेलेला, कुणाची लेक दूर दिलेली, कुणाला नुसतंच आतून भरून यायचं. गोजाबाई त्यांना कसली तरी पुरचुंडी बांधून द्यायच्या. उशाखाली ठेवायची, नाहीतर निखाऱ्यावर टाकायची, नाहीतर नुसती मुठीत धरायची. लोक म्हणायचे, गोजाबाईंकडे वासाचं औषध आहे. त्या स्वतः त्याला औषध म्हणत नसत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मरव्याची डहाळी तोडून तळहातावर चोळली आणि यशोदाच्या नाकाशी धरली.

"कसा हाय?"

यशोदाने हुंगल्यासारखं केलं. "काय येत न्हाई, आत्या."

गोजाबाईंनी दवणा आणला, चंदनाचा तुकडा आणला, शेवटी चुलीवर लसणाची फोडणी केली. यशोदा बाजूला बसून होती. तिने प्रत्येक वेळी मान हलवली. गोजाबाई मनातून घाबरल्या, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. त्यांनी फोडणीत डाळ ओतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "शेवटचा वास कंचा आला होता तुला?"

यशोदाने चुलीतलं लाकूड आत सारलं.

"खोबरेलात कापूर घालून लावायचे ते डोक्याला," ती म्हणाली. "माहेरी आल्यावर त्यांची उशी घिऊन झोपायचे मी. आईला ठावं न्हवतं. रोज थोडा थोडा वास उडत गेला. मग एक दिवस उशीला नुसत्या कापडाचा वास आला. त्याच्या म्होरं कशालाच न्हाई."

"उशी आणलीस संगं?"

"न्हाई. आईला घावली. तिनं जाळली."

गोजाबाईंनी डाळीचं भांडं उतरवलं. त्या दिवसापासून त्यांच्या घरात कापूर जळला नाही. देव्हाऱ्यातली कापराची डबी त्यांनी शेजारी नेऊन दिली आणि संध्याकाळची आरती नुसत्या निरांजनावर होऊ लागली. यशोदाच्या हे ध्यानात यायला बरेच दिवस लागले.

पुरचुंडी त्यांनी तिला दिली नाही. हातात खुरपं दिलं. "बांधाचा वाळा काढायचा हाय. माझं गुडघं चालत न्हाईत," म्हणाल्या.

वाळ्याची मुळं काढणं हे सोपं काम नाही. वरून नुसतं गवत दिसतं, पण खाली मुळांचं जाळं माणसाच्या कमरेइतकं खोल गेलेलं असतं. खेचलं तर तुटतं. बाजूची माती ओली करून, हळूहळू मोकळी करत खाली जावं लागतं. यशोदा सकाळी जायची आणि ऊन तापेपर्यंत खणत बसायची. पहिले काही दिवस तिच्या हातांना जोर नव्हता. मध्येच ती खुरपं टाकून नदीकडे बघत बसायची. गोजाबाई लांबून बघत आणि शेवंतीची निंदणी करत राहायच्या.

माघातल्या एका सकाळी तिने एक मोठा ठोंब उकरला होता. मातीसकट तो उचलून तिने नदीत बुडवला आणि झटकला. पाणी तोंडावर उडालं. नाकातही गेलं. ती ठसकली आणि ठसका गेल्यावर तिने मोठा श्वास ओढला. त्या श्वासाबरोबर गार, मातकट, किंचित गोड असं काहीतरी आत गेलं. ती तशीच थांबली. पुन्हा श्वास घेतला. मग तो ओला ठोंब छातीशी धरून ती काठावर बसली आणि रडायला लागली.

गोजाबाई आल्या. त्यांनी तिला उठवलं नाही की गप्प केलं नाही. शेजारी बसून राहिल्या.

"आला," बऱ्याच वेळाने यशोदा म्हणाली.

"व्हय. दिसतंय."

"आत्या, वासानं माणूस बरं कसं हुतं?"

"वासानं कुठलं हुतंय?" गोजाबाई म्हणाल्या. "दुःखात माणूस अर्धाच श्वास घेतं. छातीत दुखतं म्हणून पुरा वढत न्हाई. तू आलीस तशी बघती मी, वरच्या वर श्वास घ्यायचीस. चांगला वास आला की माणूस आपसूक पुरा वढतं. त्याला सांगावं लागत न्हाई. मी तेवढंच करती. बाकीचं ज्याचं त्यानं."

त्या रात्री त्यांनी वाळलेली मुळं उशीत भरून दिली. यशोदाला लगेच झोप लागली असं नाही, पण पडून राहणं जमलं. संध्याकाळची वेळ तिला सगळ्यात वाईट जायची. मारुती घरी यायचा ती वेळ. त्या वेळी गोजाबाई शेगडीत निखारे घेऊन अंगणात येत. त्यावर थोडी राळ आणि चिमूटभर वाळका दवणा टाकायच्या आणि दोघी धुराजवळ बसायच्या. कधी बोलत, कधी नाही. हळूहळू यशोदा भाकरी पुरी खाऊ लागली. कुठला धूप कडक झाला, कुठल्यात राळ जास्त पडली, हे तिला कळू लागलं. कुणी बाई आली की गोजाबाई पुरचुंडी बांधण्याआधी एक गोष्ट हमखास विचारायच्या, तेही तिने हेरून ठेवलं. "कंचा वास सोसत न्हाई?" असं त्या विचारत. ज्याला जो वास सोसत नाही, त्याच्या जवळपासचंही काही त्या पुरचुंडीत घालत नसत.

सगळं सरळ चढत गेलं असं मात्र झालं नाही. चैत्रात पुनावळ्याची एक बाई फुलं घ्यायला आली आणि जाता जाता सांगून गेली, की मारुतीच्या नव्या बायकोला दिवस गेलेत. यशोदा त्यानंतर पुन्हा अंथरुणाला खिळली. दवण्याची काढणी चालली होती, सगळा मळा घमघमत होता, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोजाबाईंनी तिला हाक मारली नाही. ताटली झाकून ठेवत गेल्या. शेवटी एका सकाळी ती आपणहून उठली, केस विंचरले आणि काढणीला गेली.

पावसाळा सरला. दिवाळी जवळ आली तशी उटण्याची घाई सुरू झाली. नागरमोथा, कापूरकाचरी, आंबेहळद, चंदनाचा भुसा असं सगळं निवडायचं, वाळवायचं, कुटायचं. गोजाबाईंचे गुडघे फारच धरले म्हणून चिंचवडच्या बाजाराला यशोदा एकटी जाऊ लागली. पोत्यावर छोटे ढीग मांडून ती बसायची. बाया तिला नावाने ओळखू लागल्या होत्या.

अशाच एका बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई आली. अंगाने किरकोळ, लुगडं स्वच्छ पण चुरगळलेलं. ती उटण्याकडे बघत नव्हती.

"त्या गोजाबाई कुठं हायत ओ?" तिने विचारलं. बोलण्यात लांबचा हेल होता.

"घरी हायत. काय पायजे? मी भाची त्यांची."

बाई खाली बसली. "मला झोप येईना गेलीय. लोक म्हणले, त्या वासाचं कायतरी देतेत म्हणून. बाळ झालं माझं श्रावणात. जन्मलं आन् गेलं. तवापसून डोळ्याला डोळा नाही."

"घरात कोण हाय?" यशोदाने विचारलं. आत्याही हेच विचारायच्या.

"मालक हायत. पिंपरीला कारखान्यात हायत. मूळचे पुनावळ्याचे. पण बोलतच नाहीत आता. शिफ्ट करून येतेत, जेवतेत, भिंतीकडं तोंड करून झोपतेत."

यशोदाचा हात उटण्याच्या ढिगावर होता, तो तिथेच राहिला. "नाव काय त्यांचं?" तिने विचारलं. विचारण्याची गरज नव्हती.

बाईने नवऱ्याचं नाव घेणं टाळलं, पण "अंजनीच्या पोराचं नाव" एवढं म्हणाली.

"आणि तुमचं?"

"मंजुळा."

"मंजुळाबाई, माझ्याजवळ आज काय न्हाई," यशोदा म्हणाली. "पुढच्या बाजाराला या."

मंजुळा मान हलवून उठली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. यशोदाने पोतं गुंडाळलं. बाजार अजून भरलेला होता, पण तिला बसवेना. चिंचवडपासून पिंपळ्यापर्यंत ती चालत आली आणि वाटेत तिला कशाचाही वास आला नाही.

घरी आल्यावर तिने गोजाबाईंना सगळं सांगितलं. गोजाबाई सुपात नागरमोथा निवडत होत्या. त्यांचं सूप थांबलं.

"तिला ठावं हाय का तू कोण ते?"

"न्हाई."

"मग पुढल्या बाजाराला मी जाती. गाडीतून जाईन. तुला न्हाई द्यावं वाटलं तर नगं देऊ. कुणी बोट दावणार न्हाई."

यशोदा उठली. तिने चूल पेटवली, भाकऱ्या थापल्या, दोघी जेवल्या. मग ती म्हणाली, "बाळ गेलं आसं ती म्हणली तवा मला बरं वाटलं, आत्या. थोडंसंच. मग माझीच मला भीती वाटली."

"माणूसच हायेस तू," गोजाबाई म्हणाल्या. "वाटलं ते वाटलं. आता काय वाटतंय?"

"ती वरच्या वर श्वास घेत हुती."

गोजाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

पुढच्या बाजाराला यशोदाच गेली. मंजुळा सकाळीच येऊन उभी होती. यशोदाने तिला जवळ बसवलं आणि विचारलं, "कंचा वास सोसत न्हाई तुम्हाला?"

मंजुळा म्हणाली, "बाळंतशेपाची धुरी. शेजारच्या खोलीत बाळंतीण हाय. रोज सांजच्याला धुरी करतेत. वास भिंतीतून येतो. मी बाहेर जाऊन उभी राहते रस्त्यावर."

"आणि आवडतो कंचा?"

तिला हे आजवर कुणी विचारलं नसावं. तिने आठवून सांगितलं, "आमच्या गावाकडं ज्वारीच्या रानात कडेला तुळशी असायच्या. रानतुळस. वाऱ्यावर यायचा."

यशोदाने धुरासारखं काही द्यायचं नाही असं ठरवलं. पुरचुंडीत तिने वाळ्याची मुळं घातली, कुस्करलेली तुळस घातली आणि थोडा दवणा. "सांजच्याला, धुरीची वेळ झाली की ही ओली करून तोंडाशी धरा. रस्त्यावर जाऊन उभ्या राहू नका. आणि झोपताना उशाला."

मंजुळा त्यानंतर येत राहिली. पहिल्यांदा म्हणाली, फरक नाही. नंतर म्हणाली, सांज निघते कशीबशी. दिवाळी होऊन गेली. एकदा तिने पहाटेपर्यंत झोप लागल्याचं सांगितलं आणि सांगताना तिलाच नवल वाटत होतं. यशोदा ऐकायची, पुरचुंडी बांधून द्यायची, जास्त बोलायची नाही. ती निघून गेली की हात पदराला पुसायची. कधी कधी तिला वाटायचं, ही आता येऊ नये. पण ती आली नाही तर बाजारभर तिचं लक्ष रस्त्याकडे असायचं.

मार्गशीर्षात एक दिवस बाजार पातळ होता. मंजुळा पुरचुंडी घेऊनही उठली नाही. पोत्याच्या सुतळीशी चाळा करत बसली.

"बाई, एक विचारू का? तुमच्या आत्याला ह्यातलं कळत असंल. तळतळाटावर काही असतं का हो?"

"कुणाचा तळतळाट?"

"त्यांची पहिली बायको हाय. सोडलेली. लगीन झालं तवा मला सांगितलं, ती आपणहून निघून गेली म्हणून. खरं मागून कळलं. मी तिला बघितलं बी नाही. पण माझं बाळ तिनंच नेलं. तिचा जीव तळमळला असंल, त्याचंच हाय हे. मला झोप लागली तरी सपनात येती ती. तोंड नसतंय तिला."

यशोदाने समोरचा ढीग हाताने सारखा केला. शेजारी मिरच्या विकणारी बाई गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती. आपण आत्ता गप्प बसलो तरी चालेल, हे यशोदाला कळत होतं. आत्या म्हणाल्याच होत्या, कुणी बोट दाखवणार नाही.

"तोंड हाय तिला," ती म्हणाली. "बघा माझ्याकडं. मीच ती."

मंजुळा बघत राहिली. तिला समजायला वेळ लागला. समजलं तशी ती मागे सरकली, हातातली पुरचुंडी पोत्यावर पडली.

"घाबरू नका," यशोदा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा शांत निघाला. "मी तुम्हाला शाप दिला न्हाई. देवळाच्या ओट्यावरनं मला आणली तवा पाणी मागायचं बळ न्हवतं माझ्यात. शाप कुठनं देऊ? पुढं तुमच्यावर राग आला, लई आला, खोटं बोलत न्हाई. पण रागानं मूल मरत आसतं तर ह्या गावात एक पोर जगलं नसतं. तुमचं बाळ त्याच्या नशिबानं गेलं. त्यात मी न्हाई आणि तुम्ही बी न्हाई."

मंजुळाने तोंडाला पदर लावला. "मला ठाऊक असतं तर आले नसते ओ मी. तुमच्याकडनं कसं घेतलं मी…"

"मला ठावं हुतं, तरी दिलं. मग तुम्ही घ्यायला काय हरकत हाय?"

मंजुळा उठली. वाकून तिने यशोदाच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, पण यशोदाने पाय आत घेतले. "तसलं काय नगं," ती म्हणाली. मंजुळा गेली. पुरचुंडी पोत्यावरच राहिली.

त्यानंतर किती तरी बाजार ती आली नाही. यशोदाने ते गोजाबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं काम तू केलंस. आता तिचं तिला करू दे."

संक्रांतीच्या सुमारास मंजुळा पुन्हा दिसली. दुसऱ्या एका बाईला हाताला धरून घेऊन आली होती. बाई तिच्याच चाळीतली होती, तिचा भाऊ अपघातात गेला होता. मंजुळा यशोदाला म्हणाली, "ह्यांना बघा. छातीत भरून येतंय म्हणतेत." स्वतःसाठी तिने काही मागितलं नाही. तिच्या गालावर थोडं मांस आलं होतं. बाईची पुरचुंडी बांधून होईपर्यंत ती बाजूला उभी राहिली आणि निघताना एवढंच म्हणाली, "सपनात येईना गेलाव तुम्ही."

"बरं झालं. मलाबी झोपायला पायजेच की," यशोदा म्हणाली. दोघींनाही किंचित हसू आलं, आणि दोघींनीही नजर दुसरीकडे वळवली. पुढे त्या मैत्रिणी झाल्या नाहीत. बाजारात भेटल्या की बोलायच्या, एवढंच.

माघात सोपानराव लेकीला न्यायला आले. चाकणकडचं एक स्थळ आलं होतं. बायको वारलेला, पाट लावायला तयार असलेला माणूस, चांगल्या घरचा. त्यांनी सगळं सांगितलं आणि विचारलं, "काय म्हणतीस, पोरी?"

आपल्याला कुणीतरी विचारतंय याचं यशोदाला आधी नवल वाटलं. मग ती म्हणाली, "आबा, आत्ता न्हाई. पुढं वाटलं तर मीच सांगन. पण चाकणला मला न्यायचं असंल तर बाजाराच्या दिशी न्या. तिकडं आमचा माल कुणी विकत न्हाई."

सोपानराव बहिणीकडे बघू लागले. गोजाबाई म्हणाल्या, "ने की. गाडी कुठं लांब जायची हाय."

अशा रीतीने चाकणच्या बाजाराला यशोदा पहिल्यांदा गेली. तिथे सगळीकडे कांद्याचे ढीग होते आणि कांद्याच्या वासापुढे तिचा दवणा नि वाळा कुणाच्या नाकापर्यंत पोचेना. सकाळभर एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. शेवटी शेजारी पोती उचलणारा भैरू नावाचा म्हातारा हमाल म्हणाला, "बाई, तुमी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलाय. तिकडं वर, लिंबाखाली बसा."

यशोदाने पोतं उचललं आणि लिंबाखाली मांडलं. मग भूक लागली म्हणून फडकं सोडलं, भैरूने दिलेला कांदा गुडघ्यावर ठेवून बुक्कीने फोडला आणि भाकरीशी खाऊ लागली. कांदा तिखट होता. डोळ्यांतून पाणी आलं. समोर दोन बाया येऊन थांबल्या आणि एकीने विचारलं, "काय हाय हो हे? वास चांगला येतोय."

"थांबा," यशोदा तोंडातला घास गिळत म्हणाली, "हात धुते आणि दावते."